जुन्या ट्रकचा दिशादर्शक दिवा : होल्डरची दुरुस्ती आणि रस्ता सुरक्षा

देशातील मालवाहतुकीचा सुमारे ७० टक्के भार रस्त्यांवर आहे. पोलाद, सिमेंट, कोळसा आणि धान्य यांची उत्पादन केंद्रे एकमेकांशी आणि बाजारपेठेशी जोडण्याचे काम प्रामुख्याने ट्रक करतात. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर हे राजधानीचे शहर झाले. परंतु वाहतुकीचे केंद्र म्हणून या शहराचे महत्त्व त्याआधीपासूनच होते. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव आणि दुर्गमार्गे येणारा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, म्हणजेच आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३, रायपूरवरून पुढे ओडिशाकडे जातो. उत्तर भारतातून जबलपूरमार्गे येऊन बस्तरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३० याच शहरात त्याला मिळतो. भिलाईचा पोलाद कारखाना, उरला व सिलतरा येथील औद्योगिक वसाहती, बलौदाबाजार परिसरातील सिमेंटचे कारखाने आणि मैदानी भागातील भातगिरण्या यांचा माल या रस्त्यांवरून जातो. त्यामुळे टाटीबंध, भनपुरी आणि रावाभाठा या भागांत ट्रकची वर्दळ असते व तिच्या आश्रयाने गॅरेज, सुटे भाग आणि वायरिंग दुरुस्तीचा व्यवसाय वाढला आहे.

या व्यवसायातील एक अगदी लहान काम म्हणजे दिशादर्शक दिव्याच्या, म्हणजेच इंडिकेटरच्या, होल्डरची दुरुस्ती. इंजिन किंवा ब्रेक यांच्या तुलनेत हे काम क्षुल्लक वाटते. ट्रक त्यामुळे थांबत नाही, मालाची खेप चुकत नाही, म्हणून ते पुढे ढकलले जाते. मात्र वळण घेणाऱ्या अवजड वाहनाचा हेतू मागील वाहनचालकाला कळण्याचे हे प्रमुख साधन आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. धडकेच्या प्रकारानुसार पाहता मागून बसलेल्या धडकेचा वाटा एकूण अपघातांत सुमारे एक-पंचमांश होता. या सर्व अपघातांचे कारण दिव्यांचा बिघाड हे नसले, तरी पुढील वाहन काय करणार आहे हे मागील चालकास वेळेवर न कळणे हा या प्रकारातील महत्त्वाचा धोका आहे.

कायद्याची चौकट

यांत्रिक शक्तीवर चालणारी वाहने हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, नोंद ३५ मध्ये आहे. राष्ट्रीय महामार्ग हा संघसूचीतील नोंद २३ चा, तर वाहनांवरील कर हा राज्यसूचीतील नोंद ५७ चा विषय आहे. या विभागणीमुळे वाहनाच्या रचनेचे व तपासणीचे नियम संसदेच्या कायद्याने आणि केंद्राच्या नियमांनी ठरतात, तर त्यांची अंमलबजावणी मुख्यतः राज्यांच्या परिवहन विभागांकडून होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२१ नुसार चालकाने विहित प्रसंगी विहित संकेत देणे बंधनकारक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ दिशादर्शक दिव्यांविषयी आहे. हे दिवे विजेवर चालणारे व पिवळसर नारिंगी रंगाचे असावेत, ते मिनिटाला किमान ६० व कमाल १२० वेळा लुकलुकावेत आणि वाहनाच्या पुढून व मागून स्पष्ट दिसावेत, अशी त्यात तरतूद आहे. लुकलुकण्याच्या गतीची ही मर्यादा व्यवहार्य आहे. गती फार मंद असल्यास मागील चालकाची नजर दोन उघडझापींच्या मधल्या काळात दिव्यावरून निघून जाऊ शकते. फार जलद असल्यास प्रत्येक वेळी दिव्याचा तंतू पूर्ण तापत नाही आणि प्रकाश क्षीण पडतो.

कलम ५६ नुसार मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे व्यवहारातील 'फिटनेस', आवश्यक असते. त्याशिवाय त्याची नोंदणी वैध मानली जात नाही. २०१८ मधील दुरुस्तीनंतर आठ वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी हे प्रमाणपत्र दोन वर्षांचे आणि त्याहून जुन्या वाहनांसाठी एक वर्षाचे करण्यात आले. या तपासणीची मर्यादा मात्र लक्षात घेतली पाहिजे. प्रमाणपत्र त्या दिवसाची स्थिती सांगते. एप्रिलमध्ये उत्तीर्ण झालेल्या ट्रकचा होल्डर जुलैच्या पावसात निकामी होऊ शकतो. या मधल्या काळाची जबाबदारी कलम १९० चालकावर टाकते. ज्या दोषाची चालकास माहिती आहे, किंवा सामान्य काळजी घेतली असता जो त्याच्या लक्षात आला असता, अशा धोकादायक दोषासह वाहन चालविणे हा या कलमान्वये अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी १,५०० रुपये दंडाची तरतूद आहे. अशा दोषामुळे अपघात होऊन कोणास इजा झाल्यास शिक्षा अधिक कठोर होते. न पेटणारा इंडिकेटर हा गाडीभोवती एक फेरी मारताच लक्षात येणारा दोष आहे. त्यामुळे तो माहीत नव्हता, हा बचाव टिकणे अवघड असते.

विद्युत परिपथाची रचना

अवजड ट्रकमध्ये सामान्यतः १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्टचे विभवांतर मिळविले जाते. बॅटरीतून निघालेली विद्युतधारा फ्यूज, फ्लॅशर आणि स्टिअरिंगजवळील स्विच यांतून मागील दिव्यापर्यंत जाते. फ्लॅशर ही धारा ठरावीक गतीने जोडतो व तोडतो. दिव्यातून बाहेर पडलेली धारा परत बॅटरीकडे नेण्यासाठी ट्रकच्या पोलादी सांगाड्याचा, म्हणजे चेसिसचा, उपयोग केला जातो. या परतीच्या मार्गास 'अर्थ' असे म्हणतात.

होल्डर हा या मार्गावरील सांधा आहे. दिव्याची पितळी टोपी होल्डरच्या धातूच्या कवचात बसते आणि कवचातून अर्थ मिळतो; तळाशी असलेली स्प्रिंगची टिकली दिव्याच्या तळबिंदूला दाबून विद्युतपुरवठा देते. दिशादर्शकासाठी बहुधा २१ वॅटचा, एका तंतूचा दिवा वापरला जातो. टेल व ब्रेक या दोन्ही कामांसाठी असलेल्या दिव्यात २१ व ५ वॅटचे दोन तंतू असतात आणि त्याच्या टोपीवरील खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात. त्यामुळे तो उलटा बसत नाही. एका प्रकारचा दिवा दुसऱ्या प्रकारच्या होल्डरमध्ये जबरदस्तीने बसविल्यास होल्डर वाकतो व नवाच बिघाड निर्माण होतो.

होल्डर का निकामी होतो?

पहिले कारण ओलावा. दिवा पेटला की आवरणातील हवा तापून प्रसरण पावते व फटींतून बाहेर जाते. दिवा थंड झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. त्यामुळे काचेला दृश्य तडा नसतानाही आत पाणी साचते. पितळ, पोलाद आणि तांबे हे वेगवेगळे धातू ओलाव्यात एकमेकांच्या संपर्कात आले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया होऊन गंज व हिरवट थर जमतो. दुसरे कारण कंप. मागील दिवे मागच्या आसाच्याही पलीकडे असतात. चाकांनी उडविलेला चिखल व खडी तेथेच आदळते आणि रिकाम्या ट्रकचे हादरेही तेथेच अधिक जाणवतात. सततच्या हादऱ्यांनी व उष्णतेने स्प्रिंग आपला ताण गमावते. तिसरे कारण धूळ. कोळसा, लोहखनिज किंवा सिमेंट वाहणाऱ्या वाहनांच्या फटींत ती जमते आणि पावसाळ्यात ओलावा धरून ठेवते. मे महिन्यात ४० अंशांहून अधिक तापमान आणि त्यानंतर लगेच नैर्ऋत्य मोसमी पाऊस, असे रायपूरचे हवामान रबराच्या व प्लॅस्टिकच्या भागांना कठीण जाते.

चौथे कारण जुन्या ट्रकच्या बांधणीत आहे. अनेक जुन्या ट्रकची चेसिस कारखान्यात व मालाचा सांगाडा स्थानिक बॉडी बिल्डरकडे तयार झाला. मागील दिव्यांसाठी तारा वाढविताना घातलेले जोड पुढे कच्चे ठरतात. दिवा लाकडी फळीवर बसविलेला असल्यास त्याला आपोआप अर्थ मिळत नाही. त्यासाठी चेसिसपर्यंत स्वतंत्र तार न्यावी लागते. योग्यता तपासणीपूर्वी गाडी रंगविण्याची प्रथा आहे. रंगकाम करताना अर्थच्या बोल्टखाली रंगाचा थर गेला, तर तपासणीसाठी केलेल्या तयारीतूनच पुढे दिवा क्षीण होऊ शकतो.

ओहमच्या नियमाचा पडताळा

सांध्यावरील गंजाचा परिणाम एका ढोबळ हिशेबाने स्पष्ट होतो. २४ व्होल्टवर २१ वॅटचा दिवा सुमारे ०.८८ अँपिअर धारा घेतो. म्हणजे पेटलेल्या तंतूचा रोध सुमारे २७.४ ओहम असतो. होल्डरमधील गंजामुळे या मार्गात केवळ ३ ओहम रोध वाढला असे समजू. तंतूचा रोध स्थिर धरल्यास एकूण रोध ३०.४ ओहम होईल, धारा ०.७९ अँपिअरवर येईल आणि दिव्याला २४ ऐवजी २१.६ व्होल्ट मिळतील. ही घट १० टक्के आहे. परंतु तंतूच्या दिव्याचा प्रकाश विभवांतरापेक्षा फार वेगाने घटतो. १० टक्के कमी विभवांतराला प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. शिवाय गंजलेल्या सांध्यात जवळपास दोन वॅट उष्णता निर्माण होते. ही उष्णता लहानशा टिकलीवर एकवटल्याने स्प्रिंग आणखी मऊ पडते, संपर्क आणखी सैल होतो व रोध आणखी वाढतो. अशा रीतीने होल्डरचा बिघाड स्वतःच स्वतःला वाढवितो. दिवा पेटतो आहे म्हणून दुरुस्ती लांबविणे का अयोग्य आहे, हे यावरून समजते.

लक्षणांवरून निदान

इंडिकेटर पेटत नाही म्हणून दिवा बदलणे, ही सर्वसाधारण पद्धत आहे. दिवा नवा घातल्यावर तो हलविला गेल्याने संपर्क तात्पुरता जुळतो आणि दोष दूर झाल्यासारखे वाटते. काही दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. म्हणून आधी लक्षणे पाहणे आवश्यक असते.

दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बंद असल्यास दोष होल्डरमध्ये असण्याची शक्यता कमी असते; फ्यूज, फ्लॅशर किंवा स्विच तपासावा. एकाच बाजूचे लुकलुकणे नेहमीपेक्षा जलद झाले असेल, तर त्या बाजूचा एक दिवा विद्युतधारा घेत नाही असे समजावे. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर ही सूचना मुद्दाम देतो. जुन्या, तापून चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये मात्र अशा वेळी गती मंदावते किंवा दिवा लुकलुकायचा थांबतो. आवरणावर हलकेच टिचकी मारल्यावर दिवा पेटत असेल, तर स्प्रिंग सैल आहे.

चौथे लक्षण चकविणारे आहे. टेल लॅम्प बंद असताना इंडिकेटर लावला की त्याच आवरणातील टेल लॅम्पही मंदपणे लुकलुकू लागतो. हा अर्थमधील दोष होय. परतीचा नेहमीचा मार्ग तुटल्याने धारा शेजारच्या टेल लॅम्पच्या तंतूतून उलट शिरते आणि दुसऱ्या बाजूच्या टेल लॅम्पमार्गे चेसिसपर्यंत पोहोचते. येथे कितीही दिवे बदलले तरी उपयोग होत नाही. अर्थचा बोल्ट खोलून जागा स्वच्छ केली की दोष दूर होतो.

निदानाची खात्री मल्टिमीटरने करता येते, पण त्यातही एक सामान्य चूक होते. दिवा काढून रिकाम्या होल्डरवर मीटर लावले, तर गंजलेल्या मार्गावरही पूर्ण २४ व्होल्ट दिसू शकतात. मीटर अत्यल्प धारा घेतो. धाराच नाही तर रोधावर विभवांतर घटत नाही. म्हणून मोजमाप दिवा बसवून, तो पेटण्याच्या क्षणी करावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्राशी जोडलेल्या स्वच्छ जागी आणि दुसरे होल्डरच्या कवचावर ठेवल्यास निरोगी परिपथात व्होल्टचा अगदी लहान अंश दिसतो. तेथे काही व्होल्ट दिसल्यास परतीचा मार्ग सदोष आहे. तेथे घट नसेल आणि तरीही दिव्याला कमी विभवांतर मिळत असेल, तर दोष पुरवठ्याच्या बाजूस आहे.

दुरुस्तीची पद्धत

ट्रक समतल जागी उभा करून हँडब्रेक लावावा व चाकांना ठोकळे द्यावेत. ज्वालाग्राही माल भरलेल्या वाहनावर विद्युत दुरुस्ती करू नये. मोजमाप संपल्यावर प्रथम बॅटरीचे ऋण अग्र सोडवावे. काच काढून आतील पाणी, चिखल व दिवा बाहेर काढावा. गंज वरवरचा असल्यास बारीक पॉलिश पेपरने कवच व टिकली चमकेपर्यंत घासावी, स्प्रिंगचा दाब पाहावा आणि दिवा बसविल्यानंतर संपर्कावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. धातूला खड्डे पडले असतील, स्प्रिंग बसली असेल किंवा प्लॅस्टिक वितळले असेल, तर होल्डर बदलणेच योग्य ठरते.

नवा होल्डर दिव्याच्या टोपीशी जुळणारा असावा. जुनी तार कापताना आतील तांबे काळवंडलेले दिसल्यास, स्वच्छ तांबे लागेपर्यंत तार मागे कापावी. ओलावा तारेच्या आवरणाखालून बराच आतपर्यंत गेलेला असतो. जोड देताना तारा नुसत्या पिळून त्यांवर टेप गुंडाळू नये. उष्णतेने टेपचा चिकटपणा जातो आणि पाणी आत शिरते. दाबून बसविण्याचा जोड व त्यावर उष्णतेने आकसणारी नळी वापरावी. अर्थची तार चेसिसवर जेथे बसते तेथील रंग खरवडून धातू उघडा करावा, बोल्ट घट्ट आवळावा व नंतर वरून गंजरोधक लेप द्यावा. तार पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे असावे, ती सायलेन्सरपासून दूर बांधावी आणि आवरणाचे पाणी निचऱ्याचे छिद्र खालच्या बाजूस व मोकळे ठेवावे.

फ्यूज वारंवार उडत असल्यास अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावणे धोक्याचे आहे. त्यामुळे शॉर्ट सर्किटच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळते. दिव्याऐवजी एलईडी बसविण्याने सदोष होल्डर दुरुस्त होत नाही. एलईडी अल्प धारा घेत असल्याने फ्लॅशर दिवा गेला असे समजून जलद लुकलुकू शकतो आणि खऱ्या बिघाडाची सूचना ओळखणे कठीण होते.

शेवटी बॅटरी जोडून दोन्ही बाजूंचे पुढचे, मागचे व बाजूचे इंडिकेटर पाहावेत. एका मिनिटातील उघडझापी घड्याळावर मोजून त्या ६० ते १२० च्या मर्यादेत आहेत याची खात्री करावी. टेल लॅम्प व ब्रेकचे दिवे एकाच वेळी लावून पुन्हा तपासावे, कारण अर्थचा दोष अनेकदा सर्व भार एकत्र आल्यावरच उघड होतो.

संकेत आणि रस्त्यावरील व्यवहार

ट्रकच्या मागील बाजूस रंगविलेली 'हॉर्न प्लीज' किंवा 'यूज डिपर ॲट नाईट' ही सूचना मागून येणाऱ्या वाहनचालकासाठी असते. परावर्तक पट्ट्या रात्री वाहनाचे अस्तित्व दाखवितात. परंतु वाहन वळणार आहे की सरळ जाणार आहे, हे त्यांतून कळत नाही. काही महामार्गांवर उजवा इंडिकेटर देऊन मागील वाहनास पुढे जाण्याची मुभा दिल्याचे सुचविण्याची सवय आढळते. हाच संकेत उजवीकडे वळण्याचाही असल्याने ही सवय धोक्याची ठरते. त्यातच उजव्या बाजूचा दिवा क्षीण किंवा बंद असेल, तर मागील चालकाला केवळ अंदाजावर निर्णय घ्यावा लागतो. दुचाकीस्वाराच्या बाबतीत या अंदाजातील चूक जिवावर बेतते.

कौशल्य आणि उपजीविका

देशातील ट्रकमालकांमध्ये पाचपेक्षा कमी वाहने असलेल्या लहान मालकांची संख्या मोठी आहे. कर्जाचे हप्ते, डिझेल, टायर आणि पथकर यांनंतर उरणाऱ्या रकमेतून देखभाल करावी लागते. चुकीच्या निदानामुळे पुन्हा पुन्हा दिवे, फ्लॅशर व स्विच बदलण्याचा खर्च या मालकांवर पडतो; होल्डर व अर्थ यांच्या योग्य दुरुस्तीला त्यामानाने अल्प खर्च येतो. येथे ऑटो इलेक्ट्रिशियनचे कौशल्य निर्णायक ठरते. हे कौशल्य बहुतांशी उस्तादाच्या हाताखाली, काम करता करता शिकले जाते. त्यात हाताची सफाई असते. पण भाराखाली मोजमाप करणे, विभवांतरातील घट शोधणे यांसारखी पद्धत शिकविलेली असतेच असे नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील मोटार वाहनविषयक अभ्यासक्रम आणि शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील प्रशिक्षण यांचा गॅरेजमधील अनुभवाशी मेळ घातल्यास ही उणीव भरून निघू शकते.

वाहनांच्या तपासणीसाठी स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झाले आणि जुनी, अयोग्य वाहने मोडीत काढण्याचे धोरणही त्याच वर्षी पुढे आले. या उपायांचा रोख वाहनाच्या वयापेक्षा त्याच्या योग्यतेवर आहे, ही बाब महत्त्वाची आहे. नीट राखलेला जुना ट्रक नियमांत बसू शकतो आणि दुर्लक्षित नवा ट्रकही धोकादायक ठरू शकतो. दोन तपासण्यांमधील काळात ही योग्यता टिकविण्याचे काम चालक, क्लीनर आणि इलेक्ट्रिशियन यांच्याकडे असते. प्रत्येक खेपेपूर्वी इंडिकेटर लावून गाडीभोवती एक फेरी मारणे आणि मागील काच पुसणे, यास दोन-तीन मिनिटे पुरतात. कायद्याला अपेक्षित असलेली सामान्य काळजी ती हीच. रायपूर ते नागपूर या रस्त्यावर रात्री ट्रकमागून येणाऱ्या प्रत्येकाची सुरक्षितता या दोन-तीन मिनिटांशी जोडलेली आहे.